एका काट्याचं घड्याळ

आमच्या घरात थापेला 'एककाट्या' म्हणतात. माझा नवरा "सहालाच निघालो होतो, ट्रॅफिक लागलं" असं म्हणाला की पुण्याचे मामा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ, व्हिडिओ कॉलवरूनसुद्धा म्हणणार, "एककाट्या सोडू नकोस रे!" लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हा शब्द कळला नव्हता. विचारल्यावर सगळे हसले आणि सगळ्यांनी आप्पांकडे, माझ्या सासऱ्यांकडे, बघितलं. आप्पाही हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. ते मला तेव्हाच दिसलं होतं, पण मी त्याची नोंद घेतली नाही. एरवी मी सगळ्याची नोंद घेते.

गोष्ट अशी. आप्पा पंप बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होते. लग्नानंतर वर्षभरातच कंपनीनं त्यांना चौदा महिन्यांच्या ट्रेनिंगसाठी इंग्लंडला पाठवलं. मोठ्या शहरात नाही, तर समुद्रापासून तीन मैलांवरच्या एका जुन्या बाजाराच्या गावात. तिथे कित्येक शतकं आठवडी बाजार भरतो, आपल्याकडे भरतो तसाच. परत आल्यावर आप्पा तिथल्या गोष्टी सांगायचे. बाजाराच्या मधोमध आठ खांबांवर एक दगडी छत्री आहे, तिच्याखाली पूर्वी लोणी विकणाऱ्या बायका बसायच्या. समुद्रपक्षी माणसाच्या हातातला पाव उचलून नेतात. आणि चर्चच्या मनोऱ्यावर जे घड्याळ आहे, त्याला एकच काटा आहे.

ही शेवटची गोष्ट कोणालाच पचली नाही. "दाजी, दुसरा काटा काय गोऱ्यांनी चहा ढवळायला नेला?" असं मामांनी एका दिवाळीला विचारलं आणि आमच्या घरातला तो शब्द जन्माला आला.

आप्पा गेल्यानंतर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सिडनीला आल्या. आम्ही स्कोफिल्ड्सला राहतो. नवी वस्ती, सारखी दिसणारी घरं, दर तिसऱ्या दारावर तोरण. एकदा आम्ही दोघी मटार सोलत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी तुझ्या लेकीनं ह्यांना विचारलं होतं, आजोबा, इंग्लंडमध्ये काय होतं? तर म्हणाले, काही नाही गं, बाजार होता." मग दोन-तीन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाल्या, "ह्यांनी घड्याळ गाळलं."

त्या दिवशी मी पहिली यादी केली.

मी एका बांधकाम कंपनीत वेळापत्रकं बनवते. काँक्रीट कधी ओतायचं, क्रेन कधी येणार, कोणामुळे कोण खोळंबेल, हे माझं काम. त्यामुळे आईंना त्या गावाला घेऊन जायचं, हे माझ्यासाठी स्वप्न वगैरे नव्हतं, एक्केचाळीस कलमांचं काम होतं. व्हिसा, विमा, गुडघ्याचे पट्टे, गरम कोट. आई त्या गावाचं नाव घेत नाहीत. 'ह्यांचं गाव' म्हणतात. म्हणून यादीच्या डोक्यावर मीही तेच लिहिलं आणि इथेही नाव लिहीत नाही. एप्रिलची तिकिटं काढली. मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाची दारं बंद झाली. एक्केचाळीसपैकी अडतीस कलमांवर टिकमार्क झाली होती.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी. पण पुढच्या वर्षी आईंच्या डोळ्यांच्या दुखण्यानं उचल खाल्ली. पडद्याचा आजार. मधलं दिसेनासं होतं, कडेचं दिसत राहतं. डावा डोळा गेल्यातच जमा होता. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन सुरू झालं. डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हा डोळा टिकवायचा प्रयत्न करू, पण जे बघायचं असेल ते या वर्षात बघून घेऊ द्या. घरी रोज पुरावे मिळत होते. एका दुपारी सव्वाबाराला आईंनी चहा टाकला. भिंतीवरच्या घड्याळाचा लहान काटा कुठला आणि मोठा कुठला हे त्यांना कळलं नव्हतं, त्यांना तीन वाजलेले दिसले होते. "अगोबाई," म्हणाल्या आणि चहा ओतून टाकला. मला वाईट वाटू नये म्हणून हसल्या.

कोविडचा तो आमचा दुसरा हिवाळा. सिडनीत लॉकडाऊन होतं आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला बंदी. औषधाचं दुकान, किराण्यासाठी वूलीज आणि डोळ्यांचा दवाखाना एवढंच जग. अशा वेळी मी नवी वही उघडली आणि सतरा हजार किलोमीटरवरच्या गावाला जायची दुसरी यादी केली. आपण जाऊ शकत नसू, तर आपल्या वतीनं कोणीतरी फोन घेऊन जाईल. चालत, प्रत्येक गल्लीत, आपण सांगू तसं.

आमच्या शेजारच्या घरात वसईचं कॅथलिक कुटुंब राहतं. कुंपणापलीकडून, दोन मीटर अंतर ठेवून, मी शेजारणीला विचारलं, "इंग्लंडमध्ये तुमचं कोणी आहे का?"

"आमचं कोणी नाही असा देश सांग," ती म्हणाली. तिची चुलत बहीण तिथे नर्स होती आणि त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहत होती. फोनवर बोलले तर बाई माझ्याच जातकुळीची निघाली. "शनिवारी बाजार असतो ना? मग बाजाराच्याच दिवशी जायचं. एरवी त्या गावात कुत्रं नसतं. पण माझी शिफ्ट बदलली तर मी शब्द देत नाही, ताई." दोनदा शिफ्ट बदलली. दोन्ही वेळा आई तयार होऊन बसल्या होत्या. तिसरा शनिवार पक्का झाला. तिथले सकाळचे दहा, आमचे संध्याकाळचे सात, पुण्यातले दुपारचे अडीच.

पुण्यातले का, तर आईंचा हट्ट. "माझ्या भावाला बोलव."

"मामांची झोपायची वेळ असते, आई."

"मग झोप मोड. साक्षीदार नको का?"

मी मामांना टाळत होते त्याला कारण होतं. तयारीचा भाग म्हणून मी त्या गावचे फोटो नेटवर बघितले होते. दगडी छत्री होती, अगदी आठ खांबांची. मागे चर्च होतं, चौकोनी मनोरा होता, मनोऱ्यावर घड्याळ होतं आणि घड्याळाला दोन काटे होते. सोनेरी, ठसठशीत, दोन. वीस फोटो बघितले, तीस बघितले. सगळ्यांत दोन. मी लॅपटॉप मिटला. आप्पांनी आईंना तिथून धाडलेल्या एरोग्रामवर पेनानं काढलेलं एक चित्र होतं, तेही पुन्हा काढून बघितलं. मनोरा, एक काटा, खाली एक भिंत आणि भिंतीपाशी तीन कुत्री. 'माझ्या खोलीच्या खिडकीतून हे असं दिसतं,' असं खाली लिहिलेलं. मनात म्हटलं, आप्पा, तुम्ही खरंच थाप मारलीत की हो.

आईंना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. यादीत सतराव्या कलमासमोर, 'घड्याळ', मी पेन्सिलनं लिहिलं, 'लांबून, घाईत.' नर्सबाईंना वेगळा मेसेज केला की मनोऱ्याकडे कॅमेरा फार वेळ धरू नका, नंतर सांगते. आईंच्या कमजोर नजरेचा मी फायदा घेणार होते. याचा मला अभिमान नाही.

शनिवारी संध्याकाळी आई इंग्लंडसाठी घेतलेला, दीड वर्ष कपाटात लटकलेला कोट घालून सोफ्यावर बसल्या. पायांत बूट. घरात हीटर चालू होता. "आजी, वी आर नॉट अ‍ॅक्च्युअली गोइंग एनीव्हेअर," माझी चौदा वर्षांची लेक म्हणाली.

"तू नसशील जात," आई म्हणाल्या.

लेकीनं फोन मोठ्या टीव्हीला जोडला. कोपऱ्यातल्या चौकटीत मामा आले, बनियनवर, डोळे चोळत. "अक्का, सासरी निघाल्यासारखी नटलीस की."

"सासरीच निघालेय. गप्प बस आणि बघ."

आणि टीव्हीभर गाव उघडलं. ओले दगड, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे तंबू, मास्क हनुवटीवर ओढलेली माणसं, चीजचे गोल, रोपांचे ट्रे, बर्फावर मांडलेली मासळी. नर्सबाईंचा आवाज आला, "आजी, दिसतंय का? हळू चालते मी."

आई मान किंचित डावीकडे वळवून डोळ्याच्या कडेनं बघत होत्या. त्यांना आता तसंच बघावं लागतं. "ती शेंग कसली गं? केवढी जाड! पावटा आहे का?" भाजीवाल्यानं ती शेंग सोलून कॅमेऱ्यापुढे धरली. पावट्याचा कोणी दांडगा भाऊ असावा तसे दाणे. "किलोभर बांधून ठेव म्हणावं त्याला, चांगली आहे," आई म्हणाल्या. भाजीवाल्यानं ऑस्ट्रेलियाला हात हलवला आणि आईंनी त्याला नमस्कार केला.

मग छत्री. नर्सबाई खांब मोजत फिरल्या, आई बरोबर मोजत होत्या. सहा, सात, आठ. "आठ!" आई मामांना म्हणाल्या.

"आठ तर आठ. छत्रीबद्दल माझी तक्रार नव्हती," मामा म्हणाले. "मी अजून पाव पळवणारं पाखरू बघितलेलं नाही."

कलम नऊ होतं 'नाश्ता'. नर्सबाई सकाळपासून उपाशी होत्या म्हणून त्यांनी एका गाडीवरून गरम रोल घेतला. एका हातात फोन, दुसऱ्यात रोल. पहिला घास घेतला असेल-नसेल, पडद्यावर पांढरं काहीतरी फडफडलं, एक किंकाळी आली, मग आभाळ दिसलं, मग जमीन, मग नर्सबाईंचा बूट. "नेला! मेल्यानं माझा रोल नेला!"

आई कोटासकट उभ्या राहिल्या. "बघितलंस? बघितलंस का रे? हातातला पाव!" लेक पोट धरून हसत होती. मामांच्या चौकटीत मामी येऊन डोकावल्या आणि म्हणाल्या, "अक्का, मी साक्षीदार." मीसुद्धा टाळ्या वाजवल्या आणि मग वहीतलं सतरावं कलम बघितलं. कारण आता आईंना वाटू लागलं होतं की आप्पांचं सगळंच खरं ठरणार.

पुढची कलमं मी मुद्दाम लांबवली. जुनी पाणपोई, चांभाराचं दुकान, समुद्राकडे जाणारा रस्ता. शेवटी आईच म्हणाल्या, "आता घड्याळ." नर्सबाईंनी मी सांगितल्याप्रमाणे फोन झरकन वर नेला आणि झरकन खाली आणला.

"थांब, थांब," मामा म्हणाले. त्यांचे डोळे शाबूत आहेत. "वर घ्या हो परत. हां. अक्का, दोन काटे आहेत. स्पष्ट दोन. सोन्याचे."

लेकीनं माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं.

"खरं का गं?" आईंनी मला विचारलं.

"हो, आई. दोन आहेत."

"तुला माहीत होतं?"

"हो."

त्यांनी कोटाचं एक बटण काढलं, परत लावलं. मामांना बहुतेक जिंकल्याचं वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "जाऊ दे अक्का. माणूस परदेशात एकटा असला की लिहितो काहीतरी. दाजी माणूस लाखाचा होता."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाल्या. मग टीव्हीकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू देवळापर्यंत आली आहेस ना?"

"चर्चच्या दारातच उभी आहे, आजी."

"मग प्रदक्षिणा घालून ये. एवढ्या लांब देवाच्या दारात यायचं आणि पाठ फिरवून जायचं, असं नाही करत."

माझ्या यादीत हे नव्हतं. बावीस कलमं होती, पण सगळी बाजाराच्या बाजूनं. मनोऱ्याला मागची बाजू असते हे मी, इमारतींची वेळापत्रकं करणारी बाई, विसरले होते.

नर्सबाई हसल्या. "चर्चला प्रदक्षिणा? चालेल की. आमच्या वसईला सणाची मिरवणूक चर्चभोवतीच फिरते. उजवीकडून घालू ना?"

"देव उजव्या हाताला ठेवायचा."

त्या निघाल्या. दगडी भिंत, गवत, कललेली थडगी, खाजकुयलीसारखं काहीतरी पायाला लागल्याचं "स्स" असं ऐकू आलं. एका गवत कापणाऱ्या म्हाताऱ्यानं "मॉर्निंग" म्हटलं. कोपऱ्यावर वळल्या आणि चित्र गोठलं. अर्धी भिंत आणि अर्धं आभाळ, तसंच. रेंज गेली होती. मी फोन हलवला, लेक वायफायकडे धावली, मामा "हॅलो, हॅलो" करत राहिले. आई फक्त थांबल्या होत्या. मी मनात काय मागितलं ते सांगत नाही, पण शाळेनंतर पहिल्यांदाच काहीतरी मागितलं.

आवाज आधी आला. "आजी! आजी, ऐकू येतंय का? अहो, इथे..." मग चित्र हललं.

मनोऱ्याची मागची बाजू. राखाडी दगड, त्यावर काळपट निळी तबकडी आणि तबकडीवर एक काटा. एकच. लांब, टोकाशी भाल्यासारखा.

लेक किंचाळली, "ओह माय गॉड, आजी! इट्स गॉट वन हँड!" मी तिला चूप म्हटलं नाही, कारण मीही ओरडत होते. नर्सबाईंनी फोन हळूहळू खाली आणला. चर्चच्या आवाराची बुटकी भिंत दिसली आणि भिंतीपलीकडच्या कुरणात मेंढ्या चरत होत्या.

कुत्री नव्हती ती. आप्पांना चित्र काढता येत नव्हतं, एवढंच. आप्पांची खोली चर्चच्या मागच्या अंगाला होती. चौदा महिने त्यांनी उठल्याबरोबर हेच घड्याळ बघितलं होतं. चित्रातल्या भिंतीमागे बाजार नाही, हे मला दिसायला हवं होतं. तो कागद मी स्वतः स्कॅन करून फोल्डरमध्ये ठेवला होता.

गवत कापणारा म्हातारा जवळ आला होता. नर्सबाईंनी त्याला विचारलं आणि आम्हाला मराठीत सांगितलं, "तो म्हणतो, पूर्वी दोन्हीकडे एकच काटा होता. मग बाजाराकडच्या तोंडाला नवीन घड्याळ बसवलं. या बाजूनं फक्त मेंढ्या बघतात, त्यांना मिनिटं कशाला हवीत?"

आई पुढे सरकून टीव्हीपासून हातभर अंतरावर उभ्या राहिल्या. मान वळवून, डोळ्याच्या कडेनं, बराच वेळ त्यांनी तो काटा बघितला. दोन आकड्यांच्या मधे चार भाग पाडलेले होते. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "साडेदहा होऊन गेलेत. पावणेअकरा व्हायचेत."

नर्सबाईंनी मनगट कॅमेऱ्यासमोर धरलं. दहा एक्केचाळीस.

आई पहिल्यांदा मामांकडे वळल्या. "बोल."

मामांनी दोन्ही कान धरले. खरोखर धरले, पंचाहत्तराव्या वर्षी, बनियनवर. "हरलो, अक्का. दाजींची माफी मागतो. आणि तुझीही."

"पन्नास वर्षं छळलंस त्यांना."

"छळलं. आता काय शिक्षा देशील ती दे."

"या घड्याळाचा फोटो मोठा करून फ्रेम कर. तुझ्या बैठकीत लाव. येईल त्याला सांग, हे माझ्या दाजींचं घड्याळ."

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, "तुझी यादी चांगली होती गं. पण देवळात मागूनही जायचं असतं." एवढंच. मी पेन घेतलं, सतराव्या कलमासमोरची पेन्सिलची अक्षरं खोडली आणि टिकमार्क केली. अशी दाबून की खालच्या पानावर उमटली.

नर्सबाईंना आईंनी सोडलंच नाही. "पोरी, तू घरी कधी गेली होतीस?" दोन वर्षं झाली होती. "सीमा उघडल्या की माझ्याआधी तू जा. आणि आत्ता पहिलं काहीतरी खाऊन घे. छत्रीखाली उभी राहून खा, तिथे पाखरू येणार नाही." तिनं तसंच केलं आणि आम्ही सातासमुद्रापलीकडून तिला नवा रोल खाताना बघितलं, शेवटच्या घासापर्यंत.

मामांनी फ्रेम खरंच लावली. आमच्या घरात 'एककाट्या' हा शब्द अजून आहे, पण आता कोणी काही छातीठोक सांगितलं तर आम्ही म्हणतो, "एककाट्या आहे, लिहून ठेव."

त्या कॉलच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, आई स्वयंपाकघरात भिंतीवरच्या घड्याळाखाली उभ्या होत्या. "हे खाली काढ," म्हणाल्या. मी काढलं. "याचा मोठा काटा निघतो का?"

काच काढली, सेकंदकाटा उचलला, मिनिटकाटा चिमटीत धरून ओढला. टप्पकन निघाला. लहान काट्यावर लेकीनं काळा जाड कागद चिकटवून तो लांब केला. घड्याळ परत टांगलं. आईंनी मान वळवून बघितलं. "साडेनऊला थोडा वेळ आहे." मी फोन बघितला. नऊ चोवीस.

त्यानंतर चहा सव्वाबाराला झाला नाही. घाईत असलेला माझा नवरा मात्र रोज सकाळी त्या भिंतीसमोर उभा राहून विचारतो, "आई, नक्की किती वाजलेत? आठ दहा की आठ पंधरा?"

"आठ वाजून गेलेत," आई पोळी उलटत म्हणतात. "मेंढ्यांना पुरतं, तुला पुरेल."